टिकलीमागचं नाव

संध्याकाळी पुण्याच्या तुळशीबागेत शिरलं की आपण चालायचं कारण नसतं, गर्दीच पुढे नेते. नारो आप्पाजी खिऱ्यांनी १७६१ साली बांधायला घेतलेल्या राममंदिराच्या आधाराने हा बाजार वाढला. भातुकलीची भांडी, समया-निरांजनं, केसांचे चाप, बांगड्या आणि टिकल्या. टिकल्यांची पाकिटं माळांसारखी टांगलेली असतात: मरून गोल, चंद्रकोर, खड्यांची, नुसता ठिपका. बायका पाकीट उचलतात, उजेडाकडे धरून रंग बघतात, नंबर विचारतात, भाव करतात. पाकीट उलटून मागची बाजू वाचणारी बाई विरळाच. वाचायला गेली तरी बहुतेक वेळा तिथे किंमत, आकाराचा क्रमांक आणि थोडी नक्षी एवढंच सापडतं. टिकली कुणी बनवली, तिच्या पाठीला कसला गोंद लावला, याचा पत्ता लागत नाही.

तिथून बाजीराव रस्त्याने पाचसात मिनिटं चाललं की आप्पा बळवंत चौक लागतो. हा पुस्तकांचा बाजार. इथे गिऱ्हाईकाचा प्रश्न ठरलेला असतो: "कुणाचं आहे?" दहावीचं गाईड असो, पोथी असो की कथासंग्रह, लिहिणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय पुस्तक पिशवीत पडत नाही. बुधवार पेठेच्या एका टोकाला कागदावरच्या मजकुराचा धनी विचारला जातो, आणि दुसऱ्या टोकाला रोज बारा-चौदा तास कपाळाला चिकटून राहणारी वस्तू बेनामी विकली जाते. हा बेनामीपणा किती महागात पडतो, ते त्वचेच्या डॉक्टरांनी गेल्या चाळीसेक वर्षांत पुराव्यानिशी दाखवलं आहे.

गोष्ट एका पांढऱ्या डागाची आहे. दोन भुवयांच्या मध्ये, नेमक्या टिकलीच्या आकाराचा डाग. पुष्कळदा त्या जागी खाज नसते, आग नसते, पुरळही नसतं. टिकली काढली की एक दिवस तिथला रंगच फिकट झालेला दिसतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो पांढराफटक होतो. घरात एकच शब्द उमटतो, तोही दबक्या आवाजात: कोड. मग डाग झाकायला आधीपेक्षा मोठी टिकली येते, तिचा गोंद डागाच्या कडेच्या चांगल्या कातडीला लागतो आणि डाग मोठ्या टिकलीएवढा वाढतो.

१९९० साली अलाहाबादचे त्वचारोगतज्ज्ञ ए. के. बजाज आणि त्यांचे सहकारी यांनी 'कॉन्टॅक्ट डर्मटायटिस' या नियतकालिकात या डागामागचा गुन्हेगार नावानिशी सांगितला. तो टिकलीच्या गोंदात होता: पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल. हा पदार्थ आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून एक चिवट राळ तयार होते. चपला-बूट चिकटवायला, घड्याळाचे पट्टे जोडायला तीच राळ वापरतात. राळ बनवताना सगळा फिनॉल खर्ची पडला तर धोका कमी. पण स्वस्त गोंदात त्यातला काही मोकळाच राहतो, आणि घामाने ओल्या झालेल्या कपाळात मुरतो.

तिथे नेमकं काय घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या कातडीचा रंग तयार करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्या टायरोसिन नावाचा एक साधा घटक घेतात आणि एका विकराच्या मदतीने त्याचं रंगद्रव्य करतात. या फिनॉलची घडण टायरोसिनशी इतकी मिळतीजुळती असते, की विकर फसतो आणि त्यालाच कामाला घेतो. त्यातून रंग तयार होत नाही, विषारी पदार्थ तयार होतात, आणि रंग बनवणारी पेशी आपल्याच घरात मरते. म्हणून खाज नसली तरी डाग पडतो. केसांच्या मुळांशी रंगपेशींचा थोडा साठा असतो. टिकली वेळेवर बंद केली तर त्या साठ्यातून रंग परत येऊ शकतो. मात्र ज्यांच्या अंगात कोडाची प्रवृत्ती आधीच असते, त्यांचे डाग टिकलीची जागा सोडून इतरत्रही पसरू शकतात.

ही काही आपल्याकडचीच कहाणी नाही. १९३९ साली अमेरिकेत चामडं कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर असेच पांढरे पट्टे उमटले होते. ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरेन या तिघा डॉक्टरांनी माग काढला तेव्हा दोष रबरी हातमोज्यांत निघाला. रबर टिकावं म्हणून त्यात घातलेलं रसायन याच कुळातलं होतं. २०१३ मध्ये जपानच्या कानेबो कंपनीला गोरेपणासाठी विकलेली प्रसाधनं बाजारातून परत मागवावी लागली. त्यातल्या रोडोडेंड्रॉलने हजारो बायकांच्या चेहऱ्या-गळ्यावर पांढरे चट्टे पाडले होते. तेही फिनॉलच, आणि तेही टायरोसिनसारखं दिसणारं. पण जपानमध्ये कंपनीचं नाव बाटलीवर छापलेलं होतं, म्हणून माल परत मागवता आला. तुळशीबागेतल्या पाकिटातला माल परत मागवायचा म्हटलं तर निरोप कुणाला धाडायचा?

टिकलीच्या आधी कुंकू होतं. करंड्यात मेणाची डबी असायची. बोटाने कपाळावर मेण लावायचं आणि त्यावर कुंकवाची चिमूट दाबून गोल रेखायचा. जुनं कुंकू हळदीचं. हळदीचा पिवळा रंग अल्कलीचा हात लागला की लाल होतो, हे प्रत्येक घरातल्या धुण्याला माहीत आहे: वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, आणि पाण्याने साबण निघून गेला की पुन्हा पिवळा पडतो. चुना घालून केलेल्या कुंकवात हीच किमया असते. त्यावर लिंबू पिळलं तर लाली उतरते. टाकणखार आणि लिंबाचा रस घालून केलेलं कुंकू मात्र लिंबाला दाद देत नाही, कारण टाकणखारातला बोरॉन हळदीशी जुळून वेगळाच, पक्का लाल रंग धरतो. म्हणून 'लिंबू पिळा आणि अस्सल-नक्कल ओळखा' हा घरगुती सल्ला पुरता भरवशाचा नाही. चांगलं कुंकूही त्यात नापास होऊ शकतं.

आज बाजारात स्वस्त मिळणारं भडक कुंकू हळदीचं असेलच, असं सांगता येत नाही. १९८६ साली सिंगापूरचे गोह आणि जपानचे कोझुका यांनी कुंकवामुळे कपाळ काळवंडलेल्या बायकांच्या नोंदी छापल्या. त्यांनी त्या कुंकवातले घटक वेगळे केले तेव्हा हाती लागले सुदान-१ आणि ब्रिलियंट लेक रेड आर यांसारखे डांबरापासून निघणारे रंग. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेतले नाथ आणि थप्पा यांनी २००७ साली कुंकवाने त्रास झालेल्या ४६ रुग्णांचा अभ्यास मांडला. हा त्रास डागाच्या उलट्या जातीचा. यात शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते. खाज सुटते, लाली येते, आणि काहींच्या कपाळावर खाजेवाचूनच तपकिरी-काळा पट्टा चढतो. ही ॲलर्जी अंगात भिनायला कधी कधी वर्षं लागतात. म्हणून बाई डॉक्टरांना अगदी मनापासून सांगते, "लग्न झाल्यापासून हेच कुंकू लावतेय हो, त्याचं कसं असेल?" तिचं म्हणणं खोटं नसतं. शरीराला जे इतकी वर्षं चाललं, तेच एक दिवस चालेनासं होतं.

भांगातल्या सिंदूराची तऱ्हा आणखी गंभीर. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतून ९५ आणि मुंबई-दिल्लीतून २३ असे सिंदूराचे ११८ नमुने विकत घेतले. २०१७ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार त्यांतल्या सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसं होतं, आणि बऱ्याच नमुन्यांत ते तिथल्या सरकारने घातलेल्या मर्यादेच्या वर होतं. शिशाचा मेंदूवर होणारा परिणाम लहान मुलांत सर्वांत वाईट. आईच्या भांगातली पूड बाळाच्या बोटाला लागते, बोट तोंडात जातं. एवढा एकच रस्ता पुरतो.

आता प्रश्न असा, की एका कुंकवात किंवा टिकलीत पाच-सात पदार्थ असतील तर दोष कुणाचा, हे डॉक्टर ठरवतात कसं? त्यासाठी आहे पॅच टेस्ट. योझेफ याडासोन या त्वचातज्ज्ञाने १८९५ साली ती मांडली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. संशयित पदार्थ एकेक करून वेगळे करायचे, बहुतेक वेळा व्हॅसलिनमध्ये ठराविक प्रमाणात मिसळायचे, ॲल्युमिनियमच्या नखाएवढ्या वाट्यांत भरायचे आणि त्या वाट्या चिकटपट्टीने पाठीवर ओळीने लावायच्या. अठ्ठेचाळीस तास पाठीला पाणी लावायचं नाही. मग पट्टी काढून पाहायचं, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. ज्या चौकटीत कातडी लाल होऊन फुगली, तो पदार्थ दोषी. बाकीचे सुटले. भारतीयांच्या वापरातले घटक लक्षात घेऊन अशा पदार्थांचा एक संच आपल्याकडेही ठरलेला आहे. सगळं मिश्रण एकदम लावलं तर इतकंच कळेल की काहीतरी बाधतंय. एकेक सुटं केलं की नाव कळतं.

नेमकी हीच रीत आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांनाही लागू पडते, आणि तिचा पहिला मोठा खटला मराठीत पुण्यातच उभा राहिला. १८९८-९९ च्या सुमारास 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या टोपणनावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी एक खळबळजनक लेखमाला लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि विठ्ठलाचे अभंग रचणारे ज्ञानदेव ही दोन वेगळी माणसं. त्यांनी मजकूर सुटा करून पाहिला होता: ओव्यांची भाषा किती जुनी, अभंगांची किती नवी, ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचं नाव नाही, अभंगांत पानोपानी आहे. वारकऱ्यांच्या भावना दुखावल्या, भिंगारकरबुवांसारख्यांनी उत्तरं दिली, आणि वाद कितीतरी वर्षं धुमसत राहिला. दुसऱ्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा असा होता, की अभंग लोकांच्या तोंडी वाढले. शतकानुशतकं गाणाऱ्याने आपल्या काळाची भाषा त्यांना चढवली, तर ग्रंथ तुलनेने पोथीत राहिला. आणि एकच माणूस टीका लिहिताना एका भाषेत आणि गाताना दुसऱ्या भाषेत बोलू शकतो. बहुतेक अभ्यासकांनी पुढे ज्ञानदेव एकच मानले. भारद्वाजांचा निष्कर्ष टिकला नाही, पण त्यांची पद्धत मोलाची होती. रचना कुणाची, हे परंपरेच्या शब्दावर न सोडता मजकुरातूनच काढायचं, हे धाडस त्यांनी मराठीत दाखवलं.

पुढे या पद्धतीला गणिताची जोड मिळाली. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 'फेडरलिस्ट' लेख एकाच टोपणनावाखाली छापले गेले होते, आणि त्यांतले बारा हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षं मिटत नव्हता. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी मोठमोठे शब्द बाजूला ठेवले आणि फुटकळ शब्द मोजले. हॅमिल्टनच्या लिखाणात 'अपॉन' हा शब्द वारंवार येतो, मॅडिसनच्या क्वचित. वादातले बाराही लेख मॅडिसनच्या बाजूला गेले. विषय ठरवून बदलता येतो, भारदस्त शब्दांची नक्कल करता येते, पण 'तर', 'मग', 'सुद्धा', 'म्हणून' हे शब्द हाताच्या सवयीने पडतात. लिहिणाऱ्याचं त्यांच्याकडे लक्षही नसतं. टिकलीतही दोष सुंदर लाल मखमलीत नसतो. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही, त्या पाठीमागच्या गोंदात असतो.

इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. प्रत्येक नाव उघड व्हावं, असा आग्रह कुणी धरू नये. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, या प्रश्नाने मराठी समाज ढवळून निघाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींची घुसमट त्या कथांत इतकी उघडी होती, की वाचकांना कथेपेक्षा लेखिकेचाच शोध लागून राहिला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. नाव झाकलं नसतं, तर ते पुस्तक लिहिण्याची किंमत एका तरुण शिक्षिकेला आपल्या जगण्यातून मोजावी लागली असती. वैद्यकीय नियतकालिकांतही रुग्णाचं नाव कधी छापत नाहीत. वय असतं, तक्रार असते, आणि छायाचित्र द्यायचंच तर संमती घेऊन. डॉक्टरांची नावं मात्र आवर्जून असतात. १९७८ साली व्हँकूवरला जमलेल्या संपादकांच्या गटाने पुढे नियमच घालून दिले: ज्याने अभ्यासात खरं काम केलं, मसुद्यात हात घातला, अंतिम मजकूर मान्य केला आणि त्याची जबाबदारी घेतली, तोच लेखक. प्रसाधनाचा एखादा घटक 'सिद्ध' झाल्याची जाहिरात पाहिली, तर त्या अभ्यासावर कुणाची सही आहे आणि पैसा कुणी दिला, हे विचारण्याचा हक्क वाचकाला याच नियमांनी दिला आहे.

थोडक्यात, जो दुबळा आहे त्याला नाव झाकायची मुभा हवी, आणि जो माल विकून नफा घेतो त्याने नाव द्यायलाच हवं. तुळशीबागेतल्या पाकिटावर हे नेमकं उलटं झालंय. उत्पादक पडद्याआड, आणि डाग पडलेली बाई चारचौघांत.

त्या चारचौघांतल्या बाईचं दुःख पुण्याने थोडं हलकं केलं आहे, आणि त्याचं श्रेय मोठं. डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःच्या अंगावर कोड असताना 'श्वेता असोसिएशन' उभी केली. हा आजार संसर्गाचा नाही, पाप-शापाचा नाही, हे त्या आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सांगत आले. कोड असलेल्या मुलामुलींचे विवाहमेळावे त्यांनी भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपटही याच प्रश्नावर, याच संस्थेच्या साथीने झाला. टिकलीचा डाग आणि कोड हे दिसायला सारखे, पण कारणाने वेगळे. तरी लग्नाच्या बैठकीत दोघांचा सारखाच न्याय होतो, म्हणून हे काम दोघांच्याही उपयोगाचं.

डॉक्टरने "टिकली बंद करा" म्हणणं सोपं, बाईने ती बंद करणं अवघड. कपाळ मोकळं दिसलं की सासरी-माहेरी दहा जण विचारणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसंच करायला सांगितलं. कुंकू असण्या-नसण्याला अजून इतकं वजन आहे. त्यामुळे शहाणे डॉक्टर टिकली बंद करायला सांगताना सोबत पर्याय देतात: हळदीचं घरगुती कुंकू, तेही साध्या मेणावर. ज्यांना अजून डाग नाही त्यांनीही रात्री कपाळ मोकळं ठेवायचं, गोंदाचा चिकटा खोबरेल तेलाने पुसून काढायचा, आणि रोज त्याच एका जागी टिकली लावायची नाही. डाग दिसल्यावर औषधाच्या दुकानातून मनानेच मलम आणायचं नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. गोरं करणाऱ्या स्टिरॉइडच्या मलमांनी देशात इतके चेहरे बिघडवले, की २०१८ मध्ये सरकारला अशी चौदा मलमं चिठ्ठीवाचून विकायला बंदी घालावी लागली.

कायदा नाही, असं म्हणता येणार नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याची व्याख्या एवढी रुंद आहे, की रूप खुलवण्यासाठी अंगाला चोळलं, शिंपडलं वा लावलं जाणारं काहीही तिच्यात बसतं. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी हवी. शिसं आणि आर्सेनिक यांची संयुगं रंगासाठी वापरायची नाहीत. पण याच नियमांत जुन्या काळापासून चालत आलेली एक सवलत आहे: ३० ग्रॅमपेक्षा कमी घन आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव मालावर घटकांची यादी नसली तरी चालतं. कुंकवाची लहान डबी आणि टिकलीचं पाकीट ३० ग्रॅम सहसा भरत नाही. जागा कमी, म्हणून सूट; आणि मोठ्या बाटलीपेक्षा जास्त वेळ कातडीला चिकटून राहणारी वस्तूच सुटली. ही सूट काढून टाकली पाहिजे. एवढ्याशा पाकिटावर नटीचा फोटो मावतो, तर गोंदाचं नावही मावेल.

तोवर सारी मदार आरशावर आहे. मराठी घरातल्या न्हाणीच्या आरशाला कडेने टिकल्या चिकटवलेल्या असतात. रात्री काढलेल्या, पुन्हा लावायच्या म्हणून जपलेल्या. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कोणती टिकली लावत होता? पाकीट आणलंय?" पाकीट कधीच कचऱ्यात गेलेलं असतं. मग बाई पुढच्या खेपेला आरशावरची टिकली नखाने सोडवून, कागदात गुंडाळून घेऊन येते. बाकीच्या पदार्थांच्या ओळीच्या शेवटी तिच्या पाठीवर ती टिकलीही लावली जाते, गोंदाची बाजू कातडीकडे करून, शेजारी पेनाने खूण करून. नोंदीच्या तक्त्यावर प्रत्येक चौकटीपुढे पदार्थाचं नाव असतं: निकेल, फॉर्माल्डिहाइड, ब्यूटिल फिनॉलची राळ. शेवटच्या चौकटीपुढे डॉक्टर लिहितात: 'टिकली, मरून, तुळशीबाग.'